बिळ्याचं पाणी

“शालू, तुमच्यात ससा फाडत्यात न्हवं गं?”

मी परसात तव्याला राख घासत बसले होते. हात तिथल्या तिथं थांबला. मान वर करून पाहते तर गडग्याच्या पलीकडून अक्काताई डोकावत होती.

ही अक्काताई कोण ते आधी सांगते, म्हणजे मी का दचकले ते कळेल. निपाणीत आमच्या शेजारी बाबगोंडा राहायचे, तंबाखूच्या वखारीत तोलाईवर होते. त्यांची ही थोरली बहीण. जैनाची बाई. आमच्या चुलीवर मटणाचं कालवण चढलं की आपल्या परसाचं दार गुपचूप लावून घेणारी. भाजी कापली, चिरली असलं तिच्या तोंडून कधी यायचं नाही, ‘भाजी केली’ म्हणायची. आणि ती मला फाडण्याचं विचारत होती!

“फाडत्यात की,” मी म्हटलं. “का वो अक्काताई? खाऊ वाटलं काय?”

एरवी माझ्या असल्या बोलण्यावर ती तोंडाला पदर लावून ‘शी, काय बाई ही’ म्हणायची. त्या दिवशी हसली नाही.

“मुताची पिशवी कुठं असती गं त्येची? पोटात वर असती का खाली? तू बघितली असशील.”

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. तवा टाकला, हात धुतले आणि गडगा ओलांडून पलीकडे गेले. तिचा पाळलेला ससा, बिळ्या, डालग्याखाली पाठीला कुबड काढून बसला होता. डोळे अर्धे मिटलेले, दात कराकरा वाजत होते. मागची लव ओली, पिवळी, आणि खालच्या सारवलेल्या जमिनीवर पांढरे थेंब वाळून चिकटलेले.

“सकाळधरनं मुतंना झालाय,” ती म्हणाली. “थेंबथेंब येतंय, ते बी चुन्याच्या निवळीगत. कुठं शेकू ते कळंना.”

मी खाली बसले. आमच्या घरात ससा म्हणजे रस्सा. आमचे मालक, मष्णू त्यांचं नाव, रानातनं घेऊन यायचे आणि मी फाडून साफ करायची. जिवंत ससा मी कधी मांडीवर घेतलेला नव्हता. धरला तर त्याचं काळीज माझ्या बोटांखाली भराभर उडत होतं. अक्काताईचं बोट धरून मी त्याच्या पोटावर ठेवलं. “हितं. मागच्या दोन पायांच्या मधी, खाली. हाताला लिंबाएवढं लागतंय बघा.”

ती वाळूची गरम पुरचुंडी घेऊन तिथं शेकत राहिली. शेकता शेकता त्याच्याशी कानडीत बोलत होती. तिचं आजोळ चिकोडीच्या पलीकडचं, लाडात आली की तिला कानडीच सुचायचं. “बा मगा, बा.” ये बाळा, ये. ऊन पार गडग्यावर चढलं तेव्हा कुठं बिळ्यानं अंग ताणलं आणि तिच्या लुगड्यावर धार सोडली. घट्ट, पांढरी, कचकच लागणारी.

“मुतलं गं बाई! मुतलं माझं लेकरू!”

कुणाच्या मुतण्यावर एवढा आनंद झालेलं माणूस मी तोवर पाहिलं नव्हतं. ओलं लुगडं तसंच धरून ती हसत होती आणि डोळ्यांतून पाणी गळत होतं.

बिळ्या तिथं आला तो बाबगोंडांमुळे. ते तंबाखूच्या गाडीबरोबर बेळगावला गेले होते. तिथं कँपात कुणी साहेब बंगला सोडून विलायतेला निघाला होता, त्याच्या माळ्यानं हे पांढरंशुभ्र पिल्लू यांच्या हातात दिलं. घरी पोरांनी चार दिवस उचलून धरलं, कान ओढले, आणि मग विसरून गेली. चावतंय, म्हणाली. उरला तो अक्काताईचा. तिनं नाव ठेवलं बिळ्या, म्हणजे कानडीत पांढऱ्या. माझं कोंबड्या झाकायचं डालगं मागून नेलं, तीनदा धुतलं, तेव्हा कुठं त्याला त्यात घातलं.

तोवर तिचं स्वतःचं असं काय होतं? लग्नाला वर्ष व्हायच्या आत नवरा गेला. त्यांच्यात दुसरं करतात, पण हिनं विषय काढू दिला नाही. भावाच्या घरी आली आणि पाणी गाळायला लागली. मी हे थट्टेनं म्हणत नाही. त्या घराचं सगळं पाणी तीच गाळायची. पहाटे आडावर जायची, दुहेरी धडप्यातून पाणी गाळायची, आणि फडक्यात जे काही राहील, डोळ्यांना दिसो न दिसो, ते एका लहान गडूत निथळून घ्यायची. तो गडू दोरीनं आडाच्या पाण्यापर्यंत अलगद सोडायचा आणि तिथं उपडा करायचा. ज्या पाण्यातले जीव, त्याच पाण्यात परत. मी एकदा म्हटलं होतं, “वरनंच ओता की वो, एवढा खटाटोप कशाला?” तर म्हणाली, “वरनं ओतलं तर लागंल की गं त्यास्नी.”

मी हसले होते. पण घरी येऊन त्या दिवशी मुंग्यांवर राख टाकताना माझा हात जरा अडखळला, हेही खरं.

आणि दिवस मावळायला आला की तिची एक फेरी असायची. सगळ्या घागरी झाकायच्या, उघडं पाणी म्हणून घरात ठेवायचं नाही. रात्री पाण्यात चिलटं पडतात, दिव्यावरची पाखरं पडतात, तडफडून मरतात. शेवटी बिळ्याच्या डालग्याशी यायची. त्याच्यापुढं एक मातीचं पसरट परळ असायचं, त्यात त्याचं पाणी. “झालं न्हवं पिऊन? आता उद्या, मगा,” असं म्हणून ती परळ उपडं करायची. ती स्वतः अंधार पडल्यावर घोटभर पाणी घेत नसे, तेव्हा त्याचंही तसंच. अष्टमी-चतुर्दशीला ती हिरवं तोडत नसे, तेव्हा त्या दिवशी त्याच्याही वाट्याला हरभरे आणि कोंडा. घरातलं माणूसच ते. माणसाला जे नेम, तेच त्याला.

लघवीचं दुखणं तिसऱ्या की चौथ्या वर्षी सुरू झालं आणि मग गेलंच नाही. पंधरा दिवस बरं जायचं, की पुन्हा कुबड काढून बसायचा. अक्काताईनं काय केलं नाही? हुलग्याचं कढण पाजलं, धन्याचं पाणी पाजलं, सराट्यांचा काढा केला. कडुनिंबाच्या कोमट पाण्यानं त्याचं मागचं अंग रोज धुवायची, जुन्या धोतराच्या मऊ फडक्यानं टिपायची, कातडी सोलवटून लाल व्हायची तिथं खोबरेल लावायची. मला हाक मारायची, “शालू, जरा धर गं.” मी धरायची. ससा ओरडत नाही हो. बैल हंबरतो, कुत्रं केकाटतं, हा नुसता दात खातो आणि तुमच्याकडं पाहतो. त्याचंच मला जास्त वाटायचं.

घरात कुरबूर सुरू झाली होती. बाबगोंडांची बायको तारामती वाईट नव्हती, पण तिला घर सांभाळायचं होतं.

“अक्का, सैपाकघराच्या तोंडाशी ह्यो वास! परवा बस्तीतले उपाध्ये आल्ते, नाकाला उपरणं लावून बसले. मला मेल्याहून मेल्यागत झालं.”

“सारवते की मी, रोज दोनदा,” अक्काताई म्हणायची.

“सारवून वास जातोय व्हय?”

बाबगोंडा मध्ये पडले. “अक्का, मी काय म्हंतो, रानात सोडून येतो. मोकळ्यावर बरा हुईल. जनावराला रानच बरं.”

“बरा झाल्यावर सोड,” ती म्हणाली. “आजाऱ्याला दारातनं काढायची रीत आपल्यात न्हाई, बाबू.”

बाबगोंडा पायात वहाणा घालून निघाले. पण दिवाळीपर्यंत काहीतरी बघ म्हणून सांगून गेले. म्हणजे बिळ्याला बरं करायचं, नाहीतर तो कोल्ह्या-कुत्र्यांच्या तोंडी, असं ते ठरल्यासारखंच झालं.

तेव्हा मीच म्हटलं, बाजाराच्या दिवशी बैलबाजारात चिकोडीचा गुरांचा डॉक्टर येतो, त्याला दाखवू. अक्काताई गावात कधी फिरत नसे. घर, आड आणि बस्ती, म्हणजे त्यांचं जैनांचं देऊळ, एवढीच तिची वाट. पण त्या दिवशी डोक्यावरनं पदर पुढं ओढून, बिळ्याला बुट्टीत घालून, वर फडकं झाकून माझ्यामागं निघाली. चिंचेखाली डॉक्टर टेबल टाकून बसला होता. पुढं बैल, म्हशी, एक लंगडं रेडकू, आणि आम्ही. लोक बुट्टीत डोकावून हसत होते.

“बाई, बैल लई बारका पडला की वो!” कुणीतरी म्हटलं.

“तुझ्या अकलंपरास मोठा हाय,” मी म्हटलं. मग गप्प बसले मेले.

डॉक्टर मात्र भला माणूस होता. त्यानं बिळ्याला टेबलावर घेतलं, पोट चाचपलं, खालची लव बोटांनी चोळून पाहिली.

“सशाचं मला फारसं ठाऊक नाही, बाई. पण बैलाला होतं तेच हे दिसतंय. लघवीत खर धरलीय, बारीक खडे. पाणी किती पितो?”

“पितो की. परळ भरल्यालं असतंय दिवसभर. गाळून ठेवते,” अक्काताई म्हणाली. आपण काही कमी केलेलं नाही, हे सांगताना तिचा आवाज जरा ताठ झाला.

“आणि रात्री?”

“रात्री न्हाई.”

“पीत नाही?”

“ठेवत न्हाई. दिवस मावळला की उपडं करते. किडं पडत्यात पाण्यात, मरत्यात.”

डॉक्टरनं तिच्याकडं पाहिलं. रागावला नाही तो, आणि रागावला असता तर बरं झालं असतं. “अहो, ससा रात्रीचा जागतो. दिवसा पेंगतो, रात्री खातो आणि रात्रीच पितो. रात्रभर पाणी नाही म्हटल्यावर आत सगळं आटून घट्ट होणार, दुसरं काय? पाणी ठेवा, दिवसरात्र ठेवा. रोज ओला हिरवा पाला घाला. जे आत धरलंय ते आता विरघळेल असं नाही. पण वाढायचं थांबेल.” एवढं बोलून त्यानं पुढच्या बैलवाल्याला हाक मारली.

अक्काताई जागची हलेना. मी बुट्टी उचलली, तिचा दंड धरला. आमच्या गल्लीच्या तोंडाशी आड होता, तिथल्या दगडावर ती मटकन बसली.

“चिलटं वाचीवली मी, शालू,” ती म्हणाली. “चिलटं वाचीवली, आनि ह्येला रोज तहानंला टाकलं. रोज. माझ्या हातानं परळ पालथं करीत हुते आनि हे माझ्याकडं बघत बसायचं. मला वाटायचं, माया करून बघतंय.”

“तुम्हाला काय ठावं, अक्काताई? कुणाला ठाव असतंय?”

“त्येला ठाव हुतं की,” ती म्हणाली.

मला रडू आलं. मी बाजारात बैलवाल्यांना गप्प करणारी बाई, पण तिथं मी नुसती बुट्टी तिच्या मांडीवर ठेवली.

त्या संध्याकाळी तिनं परळ उपडं केलं नाही. मी मुद्दाम गडग्याशी उभी होते. घागरी झाकल्या, दार ओढलं, परळापाशी आली. हात पुढं केला, मागं घेतला. मग काठोकाठ पाणी भरलं आणि आत गेली. सकाळी पाहते तर ती परळाशी बसून गवताच्या काडीनं पाण्यातलं काहीतरी उचलत होती. दोन पाखरं आणि पुष्कळशी चिलटं. सगळी मेलेली. तिनं ती झाडाच्या पानावर ठेवली होती, ओळीनं.

“बस्तीत इचारा की उपाध्यांस्नी,” मी म्हटलं. “मुक्या जनावरासाठी चालत असंल.”

“इचारलं आनि न्हाई म्हनले तर?” ती म्हणाली. “मग ऐकावं लागंल. म्हनून इचारतच न्हाई.”

आणि मग तिनं तिची तोड काढली. दिवस मावळला की शिंदीचा पंखा घेऊन परळापाशी बसायचं. दिवा लावायचा नाही, कारण उजेडाला किडे येतात. अंधारात बसून परळावर हळूहळू पंखा हलवत राहायचं. किडा पाण्यात पडू नये आणि बिळ्याला पाणी मिळावं. दोघंही जगले पाहिजेत. बिळ्या यायचा, चुटूचुटू प्यायचा, पुन्हा जायचा. आमची पडवी आणि तिची ती जागा यांच्यात एक भिंत. पंख्याची सरसर मला अंथरुणात ऐकू यायची. आमचे मालक म्हणायचे, “झोपत न्हाई काय गं ही बाई?”

झोपायची की, दिवसा. धान्य निवडता निवडता, भिंतीला टेकल्या टेकल्या. तारामती चिडायची, पाणी गाळायला उशीर होतो म्हणायची. अक्काताईचे डोळे खोल गेले, पण तोंडावर काही वेगळंच आलं. कारण बिळ्या सुधारला! लव कोरडी राहायला लागली. लघवी पातळ झाली. सबंध उन्हाळा तो परसात उड्या मारत होता, अक्काताईच्या पायांभोवती गोल गोल पळत होता, मध्येच हवेत उडी मारून अंग वळवायचा आणि ती पोरीसारखी खिदळायची. चाळिशी उलटलेल्या त्या बाईला मी तशी खिदळताना कधी पाहिलं नव्हतं, तिच्या भावानंही पाहिलं नसेल. “बा मगा, नीर कुडी,” म्हणायची. ये बाळा, पाणी पी. दिवसातून किती वेळा म्हणायची कोण जाणे.

हिरव्या पाल्याचं मी बघत होते. अष्टमी-चतुर्दशीला पाथरी आणि हरळी तोडून मी गडग्यावरनं टाकायची.

“तुझं पाप माझ्या नावावर लिव्हतील गं,” ती म्हणायची.

“लिव्हू द्या. आमच्या घरच्या रश्श्याचं पाप एवढं साठलंय, त्यात पाथरी कुणाला दिसतीय?”

“गप गं! देवा रे,” म्हणून ती पदरात हसायची. त्या वर्षी आमच्या घरी ससा शिजला नाही, हे मी तिला सांगितलं नव्हतं. मालकांनी एकदा आणला, मी म्हटलं, कुणाला तरी देऊन टाका. त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि देऊन टाकला. दिवाळीला रानात सोडायची गोष्टही बाबगोंडांनी पुन्हा काढली नव्हती. मला वाटलं, जिंकली बाई.

भादव्यात जैनांचं पर्व सुरू झालं आणि बिळ्या पुन्हा कुबड काढून बसला. या खेपेला थेंबही येईना. शेकून झालं, काढे झाले. बाजाराचा दिवस लांब होता. तरी मालक चिकोडीला जाऊन डॉक्टरला विचारून आले. डॉक्टर म्हणाला, आतली खर खाली येऊन अडकली असेल, बैलाला अडकते तशी. एवढ्याशा जनावराला आता काही करता यायचं नाही.

अनंत चतुर्दशीचा दिवस होता. त्या दिवशी अक्काताईचा निर्जळी उपास. सगळं घर बस्तीत गेलं होतं. ती एकटीच मागं राहिली होती. त्या सणाला बस्ती चुकवण्याची तिची ही पहिलीच वेळ असेल. मी गेले तेव्हा बिळ्याला मांडीवर घेऊन बसली होती. तिचे ओठ सुकून पांढरे पडले होते. जवळ परळात गाळलेलं पाणी होतं आणि त्यात बोट बुडवून ती ते त्याच्या तोंडाला लावत होती. तो तोंड फिरवत होता. त्याचं पोट दगडासारखं झालं होतं आणि सगळं अंग थरथरत होतं.

आमचे मालक परसात आले. मग हलकेच म्हणाले, “अक्काताई, राग मानू नगासा. माझ्या हातात द्या. एका क्षणात सुटंल बिचारं. हाल बघवंनात.”

मला वाटलं, आता ही आकाशपाताळ एक करील. पण ती रागावली नाही.

“तुमी दयेनंच म्हंतायसा, मष्णूभाऊ, मला कळतंय,” ती म्हणाली. “मी बी दयाच केलती. दयेचा भरवसा न्हाई राहिला मला. आता नुसती धरून बसते.”

मालक मान खाली घालून निघून गेले. मी बसून राहिले. उन्हं कलताना बिळ्यानं पाय ताणले, एकदाच, जोरानं, उडी मारायची असल्यासारखे. मग सैल पडला. अक्काताई बराच वेळ त्याच्या पोटावर हात फिरवत राहिली. त्याच्या तोंडाला लावलेलं ओलं बोट तिनं पदराला पुसलं.

“पानी घ्या घोटभर,” मी म्हटलं. “असल्या येळंला देव बघत न्हाई.”

“त्येनं किती रात्री काढल्या बिनपान्याच्या,” ती म्हणाली. “मला एक दिवस निघतोय.”

परसात शेवग्याखाली पुरायचं ठरलं. मालक कुदळ घेऊन आले, तर ती म्हणाली थांबा. मऊ केरसुणी आणली आणि तेवढी जागा हलक्या हातानं झाडून घेतली, मुंग्या बाजूला व्हाव्यात म्हणून. मग पाणी गाळायचं नवं कोरं फडकं आणलं, अजून एकदाही न भिजवलेलं. त्यात त्याला गुंडाळलं. तारामती बस्तीतून आली होती, दारात उभी होती. नवं फडकं गेलेलं तिनं पाहिलं. पुढं येऊन तिनंही दोन मुठी माती टाकली.

पर्व संपलं आणि क्षमावणीचा दिवस आला. त्या दिवशी जैन माणसं एकमेकांच्या घरी जातात, हात जोडून क्षमा मागतात, वर्षभरात कळत-नकळत काही दुखवलं असेल त्याची. लहान मोठ्यांच्या पाया पडतात, मोठेही लहानांपुढं हात जोडतात. सकाळपासून गल्लीत ये-जा चालली होती. बाबगोंडा बहिणीच्या पाया पडले. “अक्का, काय चुकलं-माकलं असंल तर क्षमा कर,” म्हणाले, आणि पायावरचं डोकं त्यांनी लवकर उचललं नाही. तिनं त्यांच्या केसांवरनं हात फिरवला. तारामतीनं क्षमा मागितली, पोरांनी मागितली, तिनं सगळ्यांना दिली, सगळ्यांची मागितली.

दुपारी ती गडग्याशी आली. आम्ही काही त्यांच्यातले नव्हे, तरी दरवर्षी यायची.

“शालू, क्षमा कर गं.”

“ह्या बाई! माझ्यासारखीनं काय क्षमा करायची?” मी दरवर्षी म्हणायची तेच म्हटलं.

ती गेली नाही. गडग्यावरच्या दगडावर बोट फिरवत राहिली.

“समद्यांस्नी मागून झाली,” ती म्हणाली. “त्येला कुठं मागू?”

शेवग्याखाली मागा म्हणावं, तर तिथं आता माती होती. देवापुढं मागा म्हणावं, तर तिथं ती गेलेली असणारच. मी गडग्यावरचा तिचा हात धरला. हात गार होता. तिनं तो बराच वेळ माझ्या हातात राहू दिला, मग सोडवून घेतला आणि पाणी गाळायचं राहिलंय म्हणून गेली.

संध्याकाळी मी कोंबड्या झाकायला परसात आले. डालगं मागच्याच दिवशी धुऊन, उन्हात वाळवून तिनं परत दिलं होतं. पलीकडं तिची रोजची फेरी चालली होती. घागरी झाकल्या, दार ओढलं. मग जिथं डालगं असायचं तिथं आली, परळ घेतलं, गाळलेल्या पाण्यानं ते काठोकाठ भरून जमिनीवर ठेवलं. दिवा लावला नाही. परळाशेजारी मांडी घालून बसली.

अंधार पडला तसं मला काही दिसेना. पंखा हलत होता तेवढं ऐकू येत होतं.